सर्व्हरला टेप ड्राइव्ह दिसेनासा होतो तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. संगणकावर बोलावयाचे तर नव्या शोधांवर बोलावे, मुलांना नोकऱ्या कोठे मिळतील ते सांगावे, अशी साहजिक अपेक्षा असते. माझा पोटापाण्याचा धंदा मात्र नव्या शोधांचा नाही. लोकांची बंद पडलेली यंत्रे पुन्हा चालती करणे हा माझा धंदा. म्हणून मी आज एका बिघाडाविषयीच बोलणार आहे. बिघाड अगदी लहान आहे. सर्व्हर चालू, टेप ड्राइव्ह चालू, दोहोंना जोडणारी केबल जागेवर, आणि तरीही सर्व्हर म्हणतो की मला येथे कोणताही टेप ड्राइव्ह दिसत नाही. हा बिघाड वरवर जेवढा किरकोळ वाटतो तेवढा तो नसतो, हे मी आपणांस दाखवू इच्छितो.

प्रथम टेप ड्राइव्ह म्हणजे काय ते पालकांसाठी थोडक्यात सांगतो. सर्व्हर म्हणजे कार्यालयातील मुख्य संगणक. सगळ्यांचे हिशेब, नोंदी, पत्रव्यवहार त्याच्या पोटात असतात. त्याची एक नक्कल दररोज रात्री वेगळ्या वस्तूवर उतरवून ठेवावयाची, हिला आम्ही बॅकअप म्हणतो. जुन्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटीत जशी फीत असे, तशीच अर्धा इंच रुंदीची फीत एका चौकोनी कार्ट्रिजमध्ये असते आणि तिच्यावर ही नक्कल लिहिली जाते. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९५२ साली आपल्या ७०१ या संगणकाबरोबर टेपयंत्र दिले होते. २००० साली एलटीओ या प्रकारची पहिली टेप आली, तिच्यात १०० गिगाबाइट मजकूर मावत असे. २०२१ साली आलेल्या त्याच घराण्यातील नवव्या पिढीच्या टेपमध्ये १८ टेराबाइट, म्हणजे १८० पट मजकूर मावतो, आणि आतील फीत एक किलोमीटरहूनही थोडी अधिक लांब असते.

आपण म्हणाल, नक्कल नसली तर एवढे काय बिघडते? कोकणातील पालकांना हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा दुकानांतील व कार्यालयांतील किती दप्तरे चिखलात गेली हे आपणांपैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरचेच घ्या. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरली जाते. तिच्या आधीचा पुरावा मिळवण्यासाठी आपल्यातील मोमीन, पिंजारी कुटुंबांतील पालक आजोबांच्या शाळेत खेटे घालतात. त्या एका ओळीवर नातवाचा प्रवेश आणि शिष्यवृत्ती अवलंबून असते. ते रजिस्टर वाळवीने खाल्ले तर ती ओळ पुन्हा कोण लिहून देणार? आता अशाच ओळी संगणकात गेल्या आहेत. तेथे वाळवी नाही, पण डिस्क जळते, चोरी होते, आणि अलीकडे खंडणीखोरही असतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर अशाच हल्ल्यात बंद पडले आणि कित्येक दिवस तेथे नोंदणीचे काम हाताने, कागदावर करावे लागले. खंडणीखोर तारेतून येतो. कपाटात ठेवलेल्या टेपेला तार नसते, म्हणून तिच्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. टेप अजून टिकून आहे त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतून मला बोलावणे आले. संस्थेचे व गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. रंगकामासाठी त्यांनी शनिवारी सर्व यंत्रे दुसऱ्या खोलीत हलवली व रविवारी परत आणून मांडली. सोमवारपासून टेप ड्राइव्ह सर्व्हरला दिसेना. त्यांनी सर्व्हर तीन वेळा बंद करून सुरू केला, ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला, बॅकअपचा प्रोग्रॅमही पुन्हा बसवला. शेवटी विक्रेत्याने फोनवरूनच निदान केले की ड्राइव्ह गेला, नवा घ्या. किंमत ऐकून चेअरमनसाहेबांचा चेहरा उतरला होता.

मी गेलो तेव्हा या सोमवारला एकोणीस दिवस झाले होते. म्हणजे एकोणीस दिवस नक्कल झालेली नव्हती. बॅकअप फसल्याची सूचना रोज रात्री ई-मेलने जात होती, पण ती ज्या कारकुनाच्या नावे जाई त्याची बदली होऊन गेलेली. आणि सर्व्हरच्या समोरच्या बाजूला एका डिस्कचा दिवा पिवळा झाला होता, त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. तेथे तीन डिस्का अशा रीतीने बांधलेल्या होत्या, की एक मेली तरी उरलेल्या दोघींवरून सगळा मजकूर जुळवता येतो. मात्र दुसरी मेली की सर्व संपले. ठेवीदारांचे हिशेब त्या क्षणी दोन जुन्या डिस्कांवर उभे होते, आणि त्या दोन्ही एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच वयाच्या.

मित्रांनो, अशा वेळी हात लगेच टेप ड्राइव्हकडे जातो. तो तेथे जाऊ देऊ नये. दुरुस्ती करताना सर्व्हर बंद-चालू करावा लागणार, आणि थकलेली डिस्क बहुधा अशाच वेळी दगा देते. म्हणून पहिले काम केले ते असे, की बाजारातून एक बाहेरून जोडावयाची डिस्क आणवली व सर्व्हर चालू असतानाच हिशेबाची संपूर्ण नक्कल तिच्यावर घेतली. त्यात तीन तास गेले. चेअरमनसाहेब मधूनमधून येऊन विचारीत, “भाईसाहेब, ड्राइव्ह केव्हा बघणार?” त्यांचे चुकत नव्हते, त्यांनी मला ड्राइव्हसाठीच बोलावले होते. पण आजारी माणसाची नाडी न बघता त्याच्या चपलेचा अंगठा शिवत बसणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही.

नक्कल हाती आल्यावर मग शोधाला सुरुवात केली. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. “ड्राइव्ह दिसत नाही” हे वाक्य अपुरे आहे. कोणाला दिसत नाही? सर्व्हरच्या आत पाहणारे चारजण असतात. सर्वांत खाली, केबल ज्यात खोचलेली असते ते अडॅप्टर कार्ड. त्याच्यावर विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली. तिच्या आधाराने काम करणारा ड्रायव्हर, म्हणजे त्या विशिष्ट यंत्राची भाषा जाणणारा लहानसा प्रोग्रॅम. आणि सर्वांत वर बॅकअपचा प्रोग्रॅम. खालच्याला दिसले तरच वरच्याला दिसण्याचा संभव. लोक नेहमी वरून सुरुवात करतात, कारण पडद्यावर तक्रार वरचा करतो. जबाब मात्र खालच्याचा आधी घ्यावयाचा असतो.

त्याही आधी ड्राइव्ह स्वतः जिवंत आहे की नाही ते पाहिले. दिवा हिरवा होता, टेप आत घेतली, बाहेर दिली. म्हणजे वीज आणि यंत्राचे हातपाय शाबूत होते. मग सर्व्हर बंद केला, ड्राइव्ह आधी चालू केला आणि त्यानंतर सर्व्हर. हा क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या स्कझी पद्धतीत अडॅप्टर कार्ड सुरू होताना एकदा हजेरी घेते. त्या वेळी जो झोपलेला असेल त्याची गैरहजेरी लागते. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर कार्ड आपल्या ओळखीच्या यंत्रांची यादी दाखवते. ती भर्रकन निघून जाते, पण योग्य कळ दाबून कार्डाच्या स्वतःच्या तक्त्यात शिरता येते व हजेरी सावकाश पुन्हा घेता येते. त्या यादीत कार्ड स्वतः होते, ७ क्रमांकावर. टेप ड्राइव्ह नव्हता.

या एका निरीक्षणाने अर्धे जग वगळले गेले. विंडोज अजून सुरूही झालेले नव्हते. म्हणजे ड्रायव्हर आणि बॅकअपचा प्रोग्रॅम निर्दोष, आणि ते तीन तीन वेळा काढून बसवण्यात गेलेला वेळ वाया. दोष कार्ड, केबल व ड्राइव्ह यांच्या दरम्यानच असणार.

स्कझीविषयी थोडे सांगतो. १९८६ साली तिचे पहिले प्रमाण ठरले आणि पुढे वीस वर्षे बहुतेक सर्व्हरांत तीच होती. एकाच तारेवर अनेक यंत्रे माळेसारखी ओवलेली असतात. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक हवा. रुंद केबलवर ० ते १५ असे सोळा क्रमांक मिळतात. कार्ड बहुधा ७ घेते. दोघांनी एकच क्रमांक घेतला तर एका रोल नंबरवर दोन मुले “हजर” म्हणाल्यासारखे होते आणि मास्तर गोंधळतात. दुसरा नियम असा, की माळेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा. विहिरीत हाक मारली की ती तळावर आपटून परत येते, तसा तारेच्या उघड्या टोकाशी विजेचा संकेत आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. टर्मिनेटर ती हाक गिळून टाकतो. तो बोटभर लांबीचा, वायर नसलेला, प्लगसारखा तुकडा असतो. ज्याला माहीत नाही त्याला तो निरुपयोगी वाटावा असाच दिसतो.

मी ड्राइव्हच्या पाठीमागे बॅटरी मारून पाहिले. तेथे दोन सॉकेट होते. एकात केबल, दुसरे उघडे. टर्मिनेटर जागेवर नव्हता.

संस्थेत एक वयस्कर शिपाई होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी विचारले, “चाचा, सामान हलवलं तेव्हा या पेटीच्या मागून काही लहानसं निघालं होतं का?” चाचांनी काही न बोलता आपल्या टेबलाचा खण उघडला, त्यातून चहाचा पत्र्याचा डबा काढला, आणि त्यात खिळे, रबरबँड व जुन्या किल्ल्या यांच्या खाली तो तुकडा होता. “रंगवाल्याच्या पायाखाली आला होता साहेब. फेकायला जीव होईना. पण कुणी विचारलंच नाही.” एकोणीस दिवस ती वस्तू सर्व्हरपासून पंधरा पावलांवर होती. त्या खोलीत विक्रेत्याच्या माणसापासून चेअरमनपर्यंत सर्वांना प्रश्न विचारले गेले होते. ज्याने प्रत्यक्ष सामान उचलले त्याला मात्र विचारावे असे कोणाच्या मनात आले नाही. माझ्या मते ही गोष्ट स्कझीच्या नियमांपेक्षाही महत्त्वाची आहे.

टर्मिनेटर बसवला आणि पुन्हा हजेरी घेतली. तरीही ड्राइव्ह नाही! एक दोष सापडला की शोध थांबवण्याचा मोह होतो, पण हलवाहलवीत दोष एकटादुकटा येत नाही. ड्राइव्हच्या पाठीवर क्रमांकाची लहान खिडकी व तिच्या वर-खाली दोन बटणे होती. खिडकीत ७ हा आकडा होता. पेटी उचलताना कोणाचे तरी बोट बटणावर पडले असावे, आणि ड्राइव्ह कार्डाच्याच क्रमांकावर जाऊन बसला होता. सर्व्हरच्या दारावर मूळ जोडणी करणाऱ्याने एक चिठ्ठी चिकटवली होती, तीवर टेपेसमोर ६ लिहिले होते. वास्तविक ५ चालला असता किंवा ४ ही. पण वरचे प्रोग्रॅम जुना पत्ता लक्षात ठेवतात, म्हणून ६ च ठेवला. क्रमांक बदलल्यावर ड्राइव्ह बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, कारण तो आपला क्रमांक जागा होतानाच वाचतो. या वेळी यादीत ६ समोर टेप ड्राइव्हचे नाव आले. विंडोजला तो दिसला, बॅकअपच्या प्रोग्रॅमलाही दिसला. केबलच्या ६८ पिनांपैकी एखादी वाकली आहे का, तेही पाहून घेतले. सर्व सरळ होत्या.

चेअरमनसाहेब खूष होऊन चहा मागवू लागले. मी म्हटले, अजून काम झालेले नाही. ड्राइव्ह दिसणे वेगळे आणि टेपेवरचा मजकूर परत मिळणे वेगळे. कपाटातील सर्वांत अलीकडची टेप घातली तर वाचताना चुका येऊ लागल्या आणि ड्राइव्हने स्वच्छतेची खूण दाखवली. सफाईची टेप एकदा फिरवल्यावर ती नीट वाचली गेली. तीवरून एका शाखेचे एका महिन्याचे खाते वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवले, हेड क्लार्कना बोलावले, आणि छापील खतावणीतील अखेरची शिल्लक त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. पडद्यावरचा आकडा तोच होता. मग चहा घेतला. पिवळ्या दिव्याची डिस्क दुसऱ्या दिवशी बदलली.

हे जुन्या यंत्राचे झाले. आज जे विद्यार्थी या क्षेत्रात जातील त्यांना बहुधा सॅस ही नवी जोडणी भेटेल. तीत क्रमांकाची बटणे नाहीत, टर्मिनेटर नाही. तरी ड्राइव्ह दिसेनासा होतोच, फक्त कारणे बदलतात. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तो चुकीच्या कार्डाला जोडलेला असतो. डिस्कांची बांधणी करणारे जे रेड कार्ड असते, त्यातील पुष्कळ कार्डे टेप ड्राइव्हला ओळखच देत नाहीत; त्याला साधे, स्वतंत्र अडॅप्टर लागते. सॉकेट जुळले म्हणजे काम जुळले असे नव्हे. विंडोज सर्व्हरच्या २००३ च्या आवृत्तीत बॅकअपचा जो अंगचा प्रोग्रॅम होता तो टेपेवर लिहीत असे. २००८ च्या आवृत्तीपासून त्याच्या जागी आलेला प्रोग्रॅम टेप जाणतच नाही. त्या वेळी कित्येकांनी चांगले ड्राइव्ह मोडीत काढले. यंत्रांच्या यादीत ड्राइव्ह दिसतो आणि बॅकअपमध्ये दिसत नाही, तर ड्राइव्हला दोष देण्यापूर्वी हे तपासावे. सर्व्हर आभासी असेल, म्हणजे एका यंत्रात चार सर्व्हर राहत असतील, तर पाठीमागे जोडलेला ड्राइव्ह त्यातील प्रत्येकाला आपोआप दिसेल असे समजू नये.

लिनक्समध्ये ड्राइव्हचे नाव ‘एसटी’ असे असते. आपली लाल गाडी नव्हे! पहिल्या ड्राइव्हला दोन नावे मिळतात, ‘एसटी शून्य’ आणि ‘एनएसटी शून्य’. यंत्र एकच. पण पहिल्या नावाने हाक मारली तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, दुसऱ्या नावाने मारली तर जेथे थांबली तेथेच राहते. ज्याला हा फरक ठाऊक नाही तो सोमवारच्या नकलेवर मंगळवारची नक्कल लिहितो, कसलीही तक्रार पडद्यावर येत नाही, आणि आठवड्याच्या शेवटी त्याच्याजवळ सहा नकलांऐवजी एकच असते.

आणखी एक. टेप आत घेऊन ड्राइव्ह ती लगेच बाहेर फेकतो, त्यालाही लोक “दिसत नाही” म्हणतात. तेथे पिढीचा प्रश्न असू शकतो. एलटीओचे सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचीत. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त एकच पिढी मागे जातो. नवा ड्राइव्ह घेताना जुना मोडीत देण्याची घाई केली, तर कपाटभर टेपा शाबूत असून वाचणारा कोणी उरत नाही.

कोणी म्हणेल, हे लहान गावातल्या संस्थांचे हाल झाले. मोठ्या कंपन्यांत असे होत नाही. होते. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री थकलेल्या एका तंत्रज्ञाने चुकीच्या सर्व्हरवरील चालू माहिती पुसली. मग नकला उघडल्या तर रोजची नक्कल कित्येक दिवस होतच नव्हती, कारण नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नव्हती, आणि त्याच्या तक्रारीचे ई-मेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती म्हणून कंपनी बचावली. त्या कंपनीने हे सर्व स्वतः जाहीर केले, हे तिला भूषणावह आहे. उलट उदाहरण गूगलचे. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रोग्रॅममधील दोषामुळे हजारो लोकांच्या जीमेलच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. निरनिराळ्या केंद्रांत ठेवलेल्या प्रतींवरही तो दोष पोहोचला होता. शेवटी ती पत्रे परत आणली गेली ती टेपेवरून.

व्याख्यानानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांपैकी एक येथे देतो. एका पालकांनी विचारले, “आमच्या दुकानात एकच संगणक आहे, टेप ड्राइव्ह परवडणार नाही. आम्ही काय करावे?”

त्यांना मी सांगितले, की टेपेची गरज नाही. बाहेरून जोडावयाच्या दोन डिस्का घ्या, त्यांवर खडूने नव्हे, पक्क्या शाईने १ आणि २ असे आकडे लिहा. या आठवड्यात पहिलीवर नक्कल घ्या, पुढच्या आठवड्यात दुसरीवर. नक्कल झाली की डिस्क लगेच काढून ठेवा, जोडलेली राहू देऊ नका. एक दुकानात असेल तेव्हा दुसरी घरी असू द्या, आणि घर व दुकान एकाच नदीकाठी असेल तर भावाच्या किंवा मेहुण्याच्या घरी, वरच्या मजल्यावर. पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात ठेवा. महिन्यातून एकदा ती डिस्क शेजाऱ्याच्या संगणकाला लावून एक खाते उघडून पाहा. त्यांनी विचारले, शेजाऱ्याच्या का? मी म्हटले, ज्या दिवशी तिची गरज पडेल त्या दिवशी तुमचा संगणक नसेल.